कुमुदिनीचं सुतक

आमच्या वर्गात दोधू झिपरू शिंपी नावाचा मुलगा होता. तो बायका मारायचा. दचकू नका, कागदावर मारायचा. पण अगदी वेचून मारायचा. गोरीपान, शिकलेली, पेटी वाजवणारी, पुण्याच्या बंगल्यात राहणारी एखादी बाई त्याच्या तावडीत सापडली की दुसऱ्या पानावर ती खोकू लागायची आणि पाचव्या पानावर आटोपायची. मधल्या पानांवर ती खिडकीत उभी असायची. का उभी असायची, घरात तिला दुसरं काही काम नव्हतं का, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं तर दोधू कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

ही गोष्ट सन सदतीसच्या आसपासच्या नंदुरबारची. दोधूने पुणं पाहिलेलं नव्हतं. बंगला म्हणून त्याने फक्त गावाबाहेरचा डाकबंगला पाहिला होता, तोही कुंपणाच्या बाहेरून. पेटी ऐकली होती ती भजनात, आणि ती वाजवायचा गल्लीतला न्हावी. क्षय झालेला एक माणूस त्यांच्या गल्लीतच राहत होता, पण तो म्हातारा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालायचा, त्यामुळे त्याचा कथेला काही उपयोग नव्हता.

तरी मुलगा हुशार, हे मान्य करायला हवं. आमच्यातल्या बाकीच्यांना अर्ज लिहिताना घाम फुटायचा, आणि हा मधल्या सुट्टीत एक बाई संपवून डबा खायला मोकळा. हेडमास्तरांचा त्याच्यावर जीव. हेडमास्तर मूळचे पुण्याकडचे. नोकरीपायी इकडे आले होते आणि आल्या दिवसापासून परत जायची वाट बघत होते. पुण्याच्या एका मासिकाचे संपादक त्यांच्या नात्यातले. एके दिवशी त्यांनी दोधूला बोलावलं आणि सांगितलं, "त्या मासिकात तुझी एक गोष्ट छापून आली, तर आपल्या शाळेचं नाव होईल. मग कमिटीला सांगून मी तुला मॅट्रिकपर्यंत नादारी मिळवून देतो."

नादारी म्हणजे फी माफ. दोधूचा बाप झिपरूकाका. त्यांची एक हातमशीन, एक बैलगाडी आणि आठवड्याचे ठरलेले बाजार. त्यांनी दोधूला आधीच बजावून ठेवलं होतं की हे वर्ष संपलं की शाळा बंद. नादारीचं ऐकल्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "नादारी भेटनी ते शिक. नही भेटनी ते मशीन शेच." आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.

म्हणजे दोधूचं पुढचं सगळं शिक्षण कुमुदिनी नावाच्या एका बाईच्या मरणावर येऊन थांबलं. त्याच्या नव्या कथेची ही नायिका. तिच्या वडिलांना हुंडा जमत नाही, लग्न मोडतं, ती खिडकीत उभी राहते, खोकते आणि मरते. शेवटच्या ओळीत नवरदेव फुलं घेऊन उगवतो. मला तर त्या नवरदेवाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली होती, पण दोधूच्या मते तेच कथेचं सौंदर्य होतं.

दिवाळीच्या सुट्टीत झिपरूकाका दोधूला बाजाराला सोबत नेऊ लागले, आणि घरात बसून कंटाळलेला मीही गाडीत चढलो. तापी उतरून तळोद्याला पोचायचं, चिंचेखाली बैल सोडायचे आणि पोत्यावर मशीन मांडायची. सातपुड्यातून लोक उतरायचे. कोणाची बाही उसवलेली, कोणाची काख फाटलेली. बहुतेकांजवळ बंडी एकच, आणि तीच झिपरूकाकांच्या हवाली केलेली. उघड्या अंगाने बाजारात हिंडायला कोणी लाजत नव्हतं, पण आपली बंडी नजरेआड करायची कोणाची तयारी नव्हती. म्हणून ही सगळी उघडी मंडळी मशीनभोवती कोंडाळं करून उभी राहायची. एक जण चाक फिरवून बघायचा, दुसरा सुई कुठून येते ते वाकून बघायचा, तिसरा सल्ला द्यायचा. शेवटी झिपरूकाका वैतागून ओरडले, "दोधू, यासले काहीतरी वाची दखाड रे! नही ते मन्हं बोट सुईखाल जाई."

दोधू तयारच होता. त्याने पिशवीतून कुमुदिनी काढली, घसा साफ केला आणि पुस्तकी आवाजात सुरुवात केली. "कुमुदिनी खिडकीत उभी होती."

"थांब," पुढे बसलेला एक माणूस म्हणाला. तो जेठ्या. तळोद्याच्या वरच्या डोंगरातला भिल, बाजारात डिंक विकायला यायचा. बोलणं शांत, पण कोणाला उगाच पुढे जाऊ देणारा माणूस नव्हे. "हुंकार कोन देस?"

दोधूला कळेना. मग जेठ्याने त्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. गोष्ट एकट्याने सांगायची नसते. ऐकणाऱ्यातल्या कोणीतरी वाक्यागणिक हुंकार द्यायचा असतो. हुंकार आला की गोष्ट पुढे जाते. नाही आला तर सांगणाऱ्याने तिथेच थांबायचं, कारण एक तर ऐकणाऱ्याला झोप लागलेली असते, किंवा त्याला ते पटलेलं नसतं. हुंकाराचं काम जेठ्याने आपण होऊन पत्करलं.

त्याचं बघून आणखी दोघांना चेव चढला. एक पौलस. नवापूरकडच्या डोंगरातला ख्रिस्ती शेतकरी, कापसाच्या जिनात मजुरीला आलेला. त्याचा शर्ट कोण्या गोऱ्या पाद्र्याने दिलेला होता आणि त्यात दोन पौलस मावले असते. तो शर्ट आत घ्यायला म्हणून तो आला होता. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे अख्ख्या बाजारात छापील मराठी बोलणारा तो एकटाच. दुसरी हलीमाबी मनियार. ती नंदुरबारचीच, बांगड्यांची टोपली घेऊन सगळे बाजार पालथे घालणारी. तिला शिवायचं काही नव्हतं, पण चिंचेची सावली चांगली होती.

"कुमुदिनी खिडकीत उभी होती."

"हों," जेठ्या म्हणाला.

"तिचे केस वाऱ्यावर भुरुभुरु उडत होते."

"आमेन," पौलस म्हणाला. त्याला हुंकार तेवढाच येत होता.

"तिच्या डोळ्यांत आसवं होती."

"अच्छा, फिर?" हलीमाबी.

"कारण तिच्या वडिलांपाशी हुंड्यासाठी पैसे नव्हते."

हुंकार आला नाही. दोधूने वर बघितलं. जेठ्या कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"पैसा कोन दी ऱ्हायना?"

"पोरना बाप."

"कोनले?"

"नवरदेवले."

जेठ्याने मागे वळून आपल्या लोकांना भिली बोलीत काहीतरी सांगितलं. मोठा हशा पिकला. मग तो पुन्हा गंभीर होऊन त्यांच्याकडचं देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचे पैसे, समजावू लागला. "आमनामा पोऱ्यावाला देज देस. पोर घरमाईन जास, काम करनारी जास, मंग तिन्हा बापले काही द्यानं पडस का नही? हाऊ बाप पोर बी देस आनि पैसा बी देस?" त्याने दोधूकडे काळजीने बघितलं. "पोर लंगडी शे का?"

दोधू गडबडला. मागे लोक थांबले होते, मशीन चालली होती, बापाचा डोळा त्याच्यावर होता. तो म्हणाला, "हां. लंगडी शे."

"मंग सांग ना तसं!" जेठ्याचा जीव भांड्यात पडला. "हों."

अशी कुमुदिनी लंगडी झाली. परतताना दोधू गाडीत रडकुंडीला आला होता. म्हणाला, एवढी नाजूक नायिका, आणि तिला लंगडायला लावलं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला वाचू नकोस. पण पुढच्या बाजाराला आम्ही पोचलो तर जेठ्या आधीच येऊन बसलेला. त्याची बंडी शिवून झाली होती, तरी बाही पुन्हा फाटली होती. सरळ रेषेत फाटली होती.

"लंगडी काय करी ऱ्हायनी?" त्याने विचारलं.

मग हलीमाबीने तोंड उघडलं. तिचं म्हणणं, जवान मुलगी एकटी खिडकीत उभी कशी? आई कुठे गेली? मरून गेली, दोधू म्हणाला. मग खाला? खाला नाही. मामी, फुफी, शेजारीण? कोणी नाही. "तो मैं नहीं सुनती," असं म्हणून तिने टोपली उचलली. "लड़की को अकेली छोड़ के सब किधर गये? इतना बड़ा बंगला, और पानी पूछने वाला कोई नहीं?" दोधूने तिला थांबवलं आणि कुमुदिनीला शेजारची एक मानलेली मावशी दिली. मावशीचं नाव हलीमाबीनेच ठेवलं, खातून. शिवाय कुमुदिनीच्या हातात बांगड्या कोणत्या ते सांगितल्याशिवाय ती पुढे जाऊ देईना. नाजूक हात, कमळाच्या देठासारखा हात, हे तिला चालत नव्हतं. "माप बोल. हाथ देखे बगैर मैं क्या चढ़ाऊँ?"

पौलसाची अडचण वेगळीच होती. "बंधो," तो हात जोडून म्हणाला, "ही कन्या इतकी खोकते, तर हिला दवाखान्यात कोणी का नेत नाही?"

"नेलं तर ती बरी होईल," दोधू म्हणाला.

"मग व्हावी," पौलस म्हणाला. "तिला वाचता येते काय?"

"येतं. इंग्रजीसुद्धा."

"आणि ती खिडकीत उभी राहते?" पौलसाला एवढं वाईट वाटलं की त्याने बराच वेळ आमेन म्हटलं नाही. त्याची बायको सुसाना मिशनच्या शाळेत चारच बुकं शिकली होती आणि गावातल्या निम्म्या पोरांना तिने अक्षरं शिकवली होती.

सुट्टी संपली तरी रविवारच्या आणि सणाच्या सुट्ट्या होत्याच. कधी तळोदा, कधी म्हसावद. माणसं गोष्टीच्या मागोमाग बाजार बदलू लागली. झिपरूकाकांच्या धंद्याला असे दिवस कधी आले नव्हते, कारण फाटकं काही आणल्याशिवाय चिंचेखाली बसायला मिळणार नाही असा काहीतरी समज पसरला होता. चांगल्या धडधाकट बंड्या फाडून लोक येत. एकाने तर बायकोचं लुगडं फाडून आणलं आणि पाठोपाठ ती बायको आली. तिने आधी नवऱ्याला झोडपलं, मग खाली बसली आणि विचारलं, लंगडी कोणती?

आणि कुमुदिनीचं काय झालं म्हणाल, तर ती पुण्यातून उठली ती आलीच इकडे. भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊ लागली. जेठ्याने तिला कसलासा पाला उकळून पाजला तेव्हापासून तिचा खोकला गेला. होळीला ती डोंगरात गेली, खातून मावशीला घेऊन, आणि नाचली. लंगड्या पायाने कशी नाचेल असं दोधूने घाबरत घाबरत विचारलं, तर डोंगरातल्या चार बायकांनी उठून तिच्या जागी नाचून दाखवलं. पौलसाच्या हट्टापायी ती मुलांना शिकवू लागली. लग्न मोडलेला तो फुलंवाला नवरदेव परत आला, तेव्हा जेठ्याने त्याला देज किती आणलंस ते विचारलं आणि वाटेला लावलं.

मी हसत होतो. हसत होतो, पण एक गोष्ट मला दिसत होती आणि मला ती मनातून आवडत नव्हती, कारण माझा मित्र माझ्यापुढे निघून चालला होता. दोधू बदलला होता. आधी तो कागदाकडे बघून लिहायचा, आता माणसांकडे बघू लागला. म्हसावदच्या बाजारात एक बाई डोक्यावर भारा घेऊन पाय ओढत चालली होती. तिच्या मागे हा गावाच्या टोकापर्यंत गेला. घरी येऊन त्याने लिहिलं, "कुमुदिनीचा डावा पाय आधी विचार करी, आणि उजवा त्याची वाट पाहत थांबे." मी ते दोनदा वाचलं. हे त्याला पुण्याच्या कुठल्याही बंगल्यात सापडलं नसतं. कोणतंही माणूस गोष्टीत आणलं की तो स्वतःलाच विचारू लागला होता की हे कोणाचं कोण, खातं काय, आजारी पडलं तर उशाशी बसणार कोण. माणूस गोष्टीत एकटं सोडायचं नाही हे त्याला तीन परक्या माणसांनी शिकवलं. आमच्या शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि परीक्षेतही विचारत नव्हते.

हेडमास्तरांनी ती नवी कथा वाचली आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"गोष्ट, सर."

"ही गोष्ट आहे की आठवड्याचा बाजार? नायिका लंगडी! मुसलमान मावशी! मध्येच प्रार्थना, मध्येच ढोल! आणि दोधू, ही मरत का नाही?"

"लोक मरू देत नाहीत, सर."

"कोणते लोक?" हेडमास्तरांनी दाराबाहेर बघितलं. "संपादकांना करुण कथा हवी आहे. वाचकाचे डोळे पाणावले पाहिजेत. शेवट बदल. नाहीतर नादारीसाठी मी कमिटीपुढे तोंडही उघडणार नाही."

दोधू दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा कुमुदिनी मेली होती. मावशीला त्याने गावाला पाठवलं, ढोल काढून टाकले, मुलांना सुट्टी दिली, नायिकेला पुन्हा खिडकीत उभं केलं आणि एका परिच्छेदात तिला संपवलं. हेडमास्तरांना हुंदका आला. कथा पुण्याला गेली आणि खरोखरच छापून आली.

छापलेलं नाव बघून झिपरूकाकांना आभाळ ठेंगणं झालं. ज्या बापाला पोराने मशीनवर बसावं असं वाटत होतं तोच आता गिऱ्हाइकाला थांबवून सांगू लागला, "मन्हा पोऱ्या मॅट्रिक व्हई." तळोद्याच्या बाजारात त्यानेच हुकूम केला की छापलेली गोष्ट सगळ्यांना वाचून दाखव. दोधूने अंग चोरलं, बापाने ऐकलं नाही.

दोधू वाचू लागला. सुरुवातीला तिन्ही हुंकार जोरात आले. मावशी गावाला गेली तेव्हा हलीमाबी थांबली. मुलांना सुट्टी मिळाली तेव्हा आमेन बंद झालं. जेठ्या एकटा हुंकार देत राहिला, दर वाक्याला हळू होत गेला, आणि "कुमुदिनीने डोळे मिटले ते कायमचेच" यावर त्याचाही हुंकार आला नाही. चिंचेखाली मशीनचा आवाजही थांबला होता.

"कोठे पुरी दिधं तिले?" जेठ्याने विचारलं.

"ते लिहिलेलं नही," दोधू म्हणाला.

लोक उठले. अर्धवट शिवलेल्या बंड्या तशाच उचलून, दोरे लोंबत, निघून गेले.

इकडे नंदुरबारात सत्काराची तयारी सुरू होती. गरिबाच्या दारी जाऊन सत्कार करावा असं कमिटीने ठरवलं. रविवारी सकाळी हेडमास्तर आणि कमिटीचे सावकारी करणारे शेठ दोधूच्या घरी येणार, हार घालणार आणि सर्वांसमक्ष नादारी जाहीर करणार. ही बातमी दोधूच्या आईने बांगड्या भरताना हलीमाबीला सांगितली. हलीमाबीने ती बाजारात जेठ्याला सांगितली, रविवारी त्यांच्याकडे माणसं जमणार आहेत म्हणून. जेठ्याने मान हलवली. मयताच्या घरी माणसं जमणारच, त्यात त्याला नवल वाटलं नाही.

रविवारी मी हाराची टोपली धरून गल्लीत शिरलो तर दोधूच्या दारातून रडण्याचा आवाज. आत डोंगरातली वीस-पंचवीस माणसं बसली होती. जेठ्याची बायको हिराबाई गळा काढून रडत होती. कुमुदिनी कशी नाचायची, भाकरी कशी थापायची, पाय कसा ओढायची, एकेक आठवून रडत होती. सोबत त्यांनी ज्वारी आणली होती, ढोल आणि दारूही आणली होती. पौलस आणि सुसाना चर्चला जायच्या कपड्यांत कोपऱ्यात गुडघे टेकून बसले होते. हलीमाबीने टोपलीवर काळं फडकं टाकलं होतं. शेजारच्या बायकांना वाटलं, कोणीतरी खरंच गेलं. सुतकाच्या घरात चूल पेटायची नाही म्हणून दोघींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली. न्हावी वस्तरा घेऊन ओट्यावर येऊन बसला आणि कोणाकोणाची करायची म्हणून विचारू लागला. आणि दोधूची आई, जिला मुलगीच नव्हती, ती पदरात तोंड घालून सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडत होती. मी तिला विचारलं, काकू, कोण गेलं? ती म्हणाली, "मले काय माहीत रे! पन यासनं रडनं दखी मन्हा जीव ऱ्हायना नही."

त्यातच हेडमास्तर आणि शेठ आले. एका भिलाने आदराने माझ्या हातून हार घेतला आणि तो कोणाला घालायचा म्हणून मयत शोधू लागला.

"हा काय प्रकार आहे?" हेडमास्तर कडाडले.

जेठ्या उठला. हेडमास्तरांना त्याने रामराम घातला आणि दोधूकडे वळला. "गोष्ट शे हाई आमले माहीत शे," तो म्हणाला. "आमी येडा नहीत. पन जेले हुंकार दिधा, ते मानूस आमनं. तू आमले न इचारता तिले मारी टाकं. आते सांग, ती मरनी का?" हुंकाराचा हा कायदा सगळ्या डोंगराचा होता की जेठ्याने तिथल्या तिथे काढला होता, मला अजून समजलेलं नाही.

"मेली म्हणजे काय?" हेडमास्तर म्हणाले. "छापलंय ते! पुण्याला छापलंय!"

"कागद काय बी बोलस, सायेब," जेठ्या शांतपणे म्हणाला. "कागद म्हनस जंगल सरकारनं. कागद म्हनस शेत शेठनं. आमना आजोबापासून कागद खोटंच बोली ऱ्हायना. याना तोंडे ऐकू द्या."

शेठ कागद-शेताचं ऐकून लालबुंद झाले. हेडमास्तर दोधूजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, पण ते सगळ्यांना ऐकू आलं, "दोधू, नीट विचार करून बोल. कमिटी इथेच उभी आहे."

दोधू मध्ये उभा होता. एका बाजूला मॅट्रिक, दुसऱ्या बाजूला ही तळोद्याहून चालत आलेली माणसं. बाप दाराशी, हातात नवा शिवलेला सदरा घेऊन, सत्काराला पोराने घालावा म्हणून. दोधूने बापाकडे बघितलं. मग हिराबाईकडे बघितलं. ती रडायची थांबली होती आणि तोंडावर हात ठेवून वाट बघत होती.

"जित्ती शे," दोधू म्हणाला.

"काय?"

"जित्ती शे. छापेल खोटं शे."

हिराबाईने एकदम किंकाळी फोडली आणि सुसानाला मिठी मारली. पौलसाचं आमेन गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. हलीमाबीने काळं फडकं भिरकावून दिलं. शेजारणींनी पिठलं-भाकरी परत न्यावी की ठेवावी यावर भांडण काढलं. न्हाव्याला कोणी सांगितलं नाही, तो तसाच बसून राहिला.

शेठने हेडमास्तरांकडे बघितलं. "कथा खोटी असल्याचं लेखक स्वतः कबूल करतो," ते म्हणाले. "खोट्या कथेवर कमिटीने नादारी द्यायची?"

मला सांगा, खरी कथा कोणती असते ते शेठना कोण समजावणार होतं? हेडमास्तरांना ते येत होतं, पण त्यांचा अपमान झाला होता. त्यांनी हार परत मागितला, भिलाच्या हातातून घेतला आणि दोघेही निघून गेले. मला हेडमास्तरांचा राग आला, जेठ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त दोधूचा आला. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

झिपरूकाकांनी नवा सदरा नीट घडी करून ठेवला आणि आतून मशीन आणून ओट्यावर मांडली.

"मंग आते कोठे शे ती?" जेठ्याने विचारलं. बांधून आणलेला ढोल सोडून झाला होता, दारू उघडली होती, सगळे दोधूकडे तोंड करून बसले होते.

दोधूला सांगणं भाग होतं. "मावशीले भेटाले गई," तो म्हणाला. तो मशीनशेजारी खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. शाळेसाठी रडत होता तो. मॅट्रिकसाठी, आमच्या बाकासाठी, सगळ्यासाठी. मला ते कळत होतं आणि त्याच्या बापाला कळत होतं.

बाकीचे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. हलीमाबीने डोळे पुसले आणि हिराबाईला म्हणाली, "देखो, बहन जिंदी निकली तो कैसा खुशी से रो रहा है बच्चा." हिराबाईला ते पटलं. तिने जेठ्याला सांगितलं, आणि जेठ्याने इतरांना. मग रडून होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं, आणि कोणी लावला नाही.